घरच्यांना दिसणारा माणूस

नागोठण्याला अंबा नदीच्या पात्रात भरतीचं पाणी चढलं की चिखल झाकला जातो. गाळ किती साचलाय ते ओहोटीलाच कळतं. मनाचंही तसंच असावं. प्रभुभोजनाआधी प्रत्येकानं स्वतःला पारखावं, असं प्रेषित पौलानं करिंथकरांना लिहिलं. पण ही पारख एकट्याला जमते का? कवी नारायण वामन टिळकांचंच पाहा. त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, १९१७ मध्ये मिशनची नोकरीही सोडली. त्यांची भक्ती अभंगांत दिसते. तापट, लहरी आणि तितकाच उदार स्वभाव मात्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त भेटतो. म्हणजे आतला माणूस आधी घरच्यांना दिसतो. त्यांचं ऐकल्याशिवाय आत्मपरीक्षण अपुरंच राहतं.

कुणी म्हणेल, सतत स्वतःकडे पाहणं हाही अहंकारच. दोष मोजत बसण्यापुरतं ते खरं आहे. पण पौल पारखून मग भाकर खायला सांगतो, पंगतीतून उठायला नाही. कृपेवर भरवसा असेल तर दोष लपवावे लागत नाहीत, आणि घरच्यांचं बोलणंही झोंबत नाही. घरच्यांनाही न दिसणारं जे उरतं, त्याचं काय करायचं, ते मात्र मला अजून उमगलेलं नाही.