सिल्लारीजवळची पहिली तंबूतली रात्र

जन्म नागपुरातला, पण तंबूत एकही रात्र काढलेली नव्हती. जानेवारीत मुलांना सलग सुट्टी आली. रिसॉर्टचं भाडं झेपणारं नव्हतं, म्हणून चारपाच माणसांचा तंबू भाड्याने आणला आणि पेंचच्या सिल्लारीला जायचं ठरवलं. अंतर ७० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन दहा-बारा लिटर पेट्रोल. सामान आणि सासूबाईंसकट पाच माणसं बसल्यावर गाडी मागून दबली. पंपावरच्या मुलाने विचारलं, "ताई, हवा किती भरू?" मला आकडा माहीत नव्हता. त्याने ड्रायव्हरकडचं दार उघडून चौकटीवरचा कागद दाखवला. भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा तिथे छापलेला होता. आठ वर्षं गाडी चालवून मी तो कधी वाचला नव्हता.

मनसर मागे टाकून पवनीला महामार्ग सोडला. पाण्याच्या काठी मोकळी जागा पाहून तंबू ठोकायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. वनरक्षकाने समजावून सांगितलं की व्याघ्र प्रकल्पात स्वतःचा तंबू लावता येत नाही, आणि रात्री वाघ-बिबट बाहेरच्या शेतातही फिरतात. "गावात कोणाच्या अंगणात विचारा." निघण्याआधी एक फोन केला असता तर हे घरीच कळलं असतं.

एका घराने अंगण दिलं. पाणी, न्हाणी आणि सोबत धरून तीनशे रुपये ठरले. तंबूच्या पिशवीतून पोल निघाले, म्हणजे कमानीच्या काड्या. पेग, म्हणजे खुंट्या. आणि फ्लाय, म्हणजे तंबूवर घालायचं दुसरं कापड. मी खुंट्या सरळ ठोकल्या आणि दोरी ताणताच त्या उपटून आल्या. घरधनी म्हणाले, "तिरपी मारा ताई, खुंटीचं डोकं तंबूपासून दूर गेलं पायजे." खालची ताडपत्रीही त्यांनीच दुमडून आत सरकवली. ती तंबूबाहेर डोकावली की वरून ओघळणारं दव तिच्यावर साचतं आणि अंथरुणाखाली येतं. हे मला पिशवीवरच्या चित्रांतून कळलं नव्हतं.

स्वयंपाकासाठी लहान गॅस शेगडी नेली होती. वाऱ्यात ती तीनदा विझली. सासूबाई उठल्या, घरच्या मावशींकडून गोवऱ्या मागून घेतल्या आणि अंगणातच आर केला. कणीक तेलाचं मोहन घालून घट्ट भिजवली, लाटलेल्या पोळीला तेल लावून घड्या घातल्या, त्यांचे गोळे केले आणि निखाऱ्यात पुरले. रोडगे! भाजल्यावर राख झटकायची, फोडायचे, वर तूप, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. लहानपणी महादेवाच्या जत्रेत मी हे किती खाल्लं, पण करताना कधी नीट पाहिलं नव्हतं. भाजायला तवाही लागला नाही. पाटीभर गोवऱ्यांत आठ माणसं जेवली. शेवटी विस्तवावर पाणी ओतून राख हाताने चाचपायची, हेही त्यांनीच मुलांना शिकवलं. माझी शेगडी पुन्हा डब्यात गेली.

जेवणानंतर मी मोठा टॉर्च लावला तर मावशी म्हणाल्या, "बंद करा जी, चांदण्या पाहाच्या हायेत ना?" पेंचच्या महाराष्ट्राकडच्या भागाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे राखलेल्या अंधाराचं वन, अशी मान्यता मिळाली. इथल्या गावांतले दिवे खाली तोंड करून बसवले आहेत. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागली. मग कृत्तिकांचा पुंजका सुटा सुटा दिसू लागला, मृगाचा बाण दिसला. मुलीने विचारलं, "आपल्या गच्चीवर हे कुठे जातात?" मला गप्प बसावं लागलं.

थंडीच्या भीतीने तंबूच्या सगळ्या खिडक्या बंद करून झोपलो. पहाटे चेहऱ्यावर थेंब पडले. तंबू गळतोय असं वाटलं. पण बाहेरून कापड धड होतं आणि आतून चिंब. पाच माणसांचा श्वास रात्रभर थंड कापडावर साचून पाणी झाला होता. वरची जाळी उघडी ठेवायची असते.

पांघरुणं मावशींच्या कुंपणावर वाळत घातली आणि ऊन चढेपर्यंत थांबलो. परतताना टोलनाक्यावर कळलं की २४ तासांत परत आलं तर जाण्या-येण्याचे मिळून दीडपटच पैसे पडतात. आम्हाला सव्वीस तास झाले होते.