बरणीतला समुद्र

४ मे, रविवार
सुट्टीत धाकटीला उद्योग हवा आणि मला निमित्त. लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण समुद्राइतकं. वर चमचाभर बिटाचा रस, खारटपणा कुठे जातो ते दिसावं म्हणून. प्लॅस्टिकच्या बरणीला खालून आणि भोवतीने जुना टॉवेल गुंडाळला. थंडी वरूनच उतरायला हवी, तळ्यात उतरते तशी. बरणी फ्रीजरमध्ये.

५ मे
सकाळी वर दोन बोटं बर्फ, फिकट गुलाबी. खाली पाणीच, आणि ते कालच्यापेक्षा गडद. बर्फाच्या स्फटिकात मिठाला जागा नसते, बिटाच्या रंगालाही नाही; दोघांची हकालपट्टी खाली. थोडं खारं पाणी स्फटिकांच्या फटींत अडकतं, म्हणून हा बर्फ सुरीने सहज खरवडला जातो.

अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्रात दर हिवाळ्यात हेच चालतं. पाणी उणे १.८ अंशांच्या सुमारास गोठतं, बाहेर पडलेलं खारं पाणी जड होऊन बुडतं आणि समुद्राच्या तळातळाने पार विषुववृत्तापलीकडे सरकत जातं.

६ मे
बरणी ओट्यावर. कुणी हात लावायचा नाही, अशी ताकीद. दुपारपर्यंत बर्फ संपला. वर जवळजवळ पांढरं पाणी, खाली लालभडक, मध्ये बोटभर धूसर पट्टा. स्ट्रॉ बुडवून, वरचं टोक बोटाने दाबून एकेक थर उचलला. वरचा जेमतेम खारट. तळाच्या थेंबाला धाकटी थू थू करत मोरीकडे पळाली. ध्रुवाकडच्या समुद्रावरही उन्हाळ्यात असं गोड्या पाण्याचं झाकण बसतं, ते वाऱ्याने घुसळेपर्यंत टिकतं.

आमच्याकडे वारा म्हणजे सासूबाई. "अगं, सरबत सगळं खाली बसलं होतं," म्हणत त्यांनी पळीने ढवळून ठेवलं. मी काय बोलणार? तेच पाणी पुन्हा फ्रीजरमध्ये, या वेळी टॉवेलशिवाय, पार गोठेपर्यंत.

८ मे
गड्डा चाळणीत ठेवला, खाली वाट्या बदलत गेले. पहिली वाटी लाल, जहाल खारट. दुसरी बरी. चौथीपर्यंत गड्डा पांढरा पडला. समुद्रावरचा बर्फही एकदोन उन्हाळे असा निथळला की त्याचं पाणी पिण्याजोगं होतं. उत्तर ध्रुवाकडचे लोक जुना बर्फ निवडून वितळवतात.

शेवटची वाटी सासूबाईंनी चाखली. "यात मीठ कुठाय?"

पहिली वाटी आमटीत गेली होती. वेगळं मीठ लागलं नाही, रंग तेवढा बिटाचा आला.