मागे घेतलेली पावले

फ्लामेंकोच्या बैठकीत गिटारवादकाचे चित्त तारांपेक्षा गायकाकडेच अधिक लागलेले असते. गायकाने एखादा स्वर लांबवला की गिटार तिष्ठत राहते, त्याने तो अवचित तोडला की तीही तत्क्षणी थबकते. आणि सोलेआ वा बुलेरीया या गानप्रकारांचे बारा मात्रांचे आवर्तन, तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या व बाराव्या मात्रेवर आघात घेत, भोवती बसलेल्या आप्तेष्टांच्या टाळ्यांतून अखंड वाहत असते. ही विद्या ग्रंथांत फारशी सापडत नाही; ती थोरांच्या मांडीवर बसून कानांत मुरावी लागते.

तोन्यी आणि एन्कार्ना सालाथार या भगिनींना ती अशीच वारशाने लाभली. पोर्तुगालच्या सरहद्दीलगत वसलेल्या बादाखोथ शहराचे हे हितानो घराणे, ज्या जमातीच्या पूर्वजांचा माग भाषापंडित थेट हिंदुस्थानापर्यंत काढतात त्या जमातीतले. विख्यात गायक पोर्रिना दे बादाखोथ हे याच कुळातले. ‘लोस चुंगीतोस’ या नावाने गाजलेले त्रिकूट म्हणजे या दोघींचे सख्खे भाऊ. भावांच्या मागे उभे राहून साथ देता देता दोघी पुढे आल्या आणि त्यांनी ‘आथुकार मोरेनो’ या नावाने आपली स्वतंत्र गादी मांडली.

५ मे १९९० रोजी युगोस्लाव्हियातील झाग्रेब शहरी भरलेल्या युरोव्हिजन गीतस्पर्धेत स्पेनची मुखत्यारी त्यांच्याकडे आली. बावीस देशांत सादरीकरणाचा पहिला क्रम स्पेनचा होता. त्यांचे ‘बांदीदो’ हे गीत हितानो कंठाची आर्त फिरत आणि नृत्यगृहातला यांत्रिक ठेका यांच्या संयोगातून घडलेले. शुद्धतेच्या अभिमान्यांना हा संकर रुचत नसेल, परंतु त्या दोन आवाजांतली धार इतकी अस्सल आहे की ठेका कोणताही असो, तो तिचा अंकितच होतो असे मला वाटते. स्पर्धेच्या शिरस्त्याप्रमाणे सभागृहात जिवंत वाद्यवृंद हजर होता, आणि त्याच्या जोडीला ध्वनिमुद्रित फीत.

आरंभीच घात झाला. फीत आणि वाद्यवृंद यांचा मेळ बसेना. फीत ऐकत नाही. गायिकेच्या श्वासासाठी थांबणे तिला ठाऊक नसते. अशा वेळी कोट्यवधी प्रेक्षकांच्या धास्तीने पळत्या ठेक्यामागे धावून कसेबसे गीत पुरे करण्याचा मोह कोणालाही झाला असता. या दोघींनी तसे केले नाही. लय बिघडली आहे हे ओळखून त्या सरळ रंगमंचावरून निघून गेल्या. ना चेहऱ्यावर गयावया, ना कोणाकडे दोषारोपाचा कटाक्ष. सभा अवघडून राहिली, यंत्रणेची जुळवाजुळव झाली, संगीत नव्याने सुरू झाले. आणि त्या परतल्या त्या अशा आवेशाने, की खांद्यांच्या झटक्यात, उंचावलेल्या मनगटांत, एकमेकींकडे टाकलेल्या नजरेत मघाच्या अपघाताचा मागमूसही उरला नव्हता. एकीच्या स्वराचे टोक दुसरीने नेमके उचलावे, तेही न पाहता, हे एका छताखाली वाढल्यावाचून साधत नाही. ते गायन मला प्रिय आहेच. पण त्यापूर्वी मागे घेतलेली ती पावले मला अधिक मोलाची वाटतात, कारण बेलयीत गाण्यापेक्षा न गाणे बरे हा घराण्याचा कायदा त्यांनी अवघ्या युरोपासमक्ष पाळला.

परीक्षकमंडळांनी त्यांना ९६ गुण देऊन पाचवे स्थान दिले; विजयाचा मान इटलीच्या तोतो कुतुन्यो यांना मिळाला. अवघ्या सात वर्षांपूर्वी, १९८३ साली म्युनिक येथे, रेमेदियोस आमाया हीच फ्लामेंकोची वाणी घेऊन अनवाणी पायांनी रंगमंचावर उभी राहिली होती, आणि याच स्पर्धेने तिच्या पदरात चक्क शून्य टाकले होते. तो अन्याय मला आजही सलतो. म्हणून झाग्रेबचे ते ९६ गुण आठवताना त्यांतले निम्मे मी मनोमन तिच्या खाती जमा करतो.