अर्ध्या गुंठ्यातले नवे वाण

पुणे-नाशिक रस्त्याने भोसरीत आलात आणि एमआयडीसीच्या बाजूला वळलात, की प्रेस मशीनचे ठोके कानावर पडू लागतात. शेडला शेड लागलेली, दारात स्क्रॅपचे ढीग. इथे कुणी भाजीपाला बघायला येईल असे वाटत नाही. पण इंद्रायणीनगर, लांडेवाडी किंवा दिघीकडच्या गल्ल्यांतून दुपारच्या शिफ्टच्या आधी एक चक्कर मारा. दोन इमारतींच्या मधला रिकामा प्लॉट, जुन्या पत्र्यांचे कुंपण, आत चार-पाच वाफे. कुठे चाळीमागे दहा बाय पंधरा फुटांची पट्टी, कुठे गच्चीवर ड्रम. जागेचा मालक बहुधा दुसराच असतो.

एमआयडीसीची स्थापना १९६२ सालची. त्यानंतर या माळावर कारखाने आले, आणि १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा, सोलापूर, नगरकडची माणसे या पट्ट्यात आणून सोडली. त्यांत आपल्या समाजाची कुटुंबे पुष्कळ. गावी बहुतेकांच्या नावावर जमीन नव्हती. शेतीची माहिती मात्र होती, कारण दुसऱ्याच्या रानात राबण्यातच पिढ्या गेल्या होत्या. कोणते बी पेरायचे हे ठरवणे तेवढे कधी आपल्या हाती नव्हते. भोसरीच्या अर्ध्या गुंठ्यात ते हाती आले, आणि म्हणूनच इथे नवा वाण लावून बघण्याची एवढी हौस आहे.

एका वाफ्यात हिरवीगार, लवदार भेंडी दिसली म्हणून थांबलो. आसपासच्या भेंडीची पाने पिवळ्या शिरांनी भरलेली, हिची नाहीत. विचारले, "मावशी, ही कुठली?"

"आमच्याकडची हाय दादा, परभणीची. कंपनीचं बी न्हाई हे."

ती होती 'परभणी क्रांती'. परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८५ च्या सुमारास दिलेला हा वाण. भेंडीवर हळद्या रोग पडतो, तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि एकदा आला की झाड वाचत नाही. आधी गाजलेली 'पुसा सावनी' या रोगाला बळी पडू लागली, तेव्हा तिचा जंगली भेंडीशी संकर करून हा टिकाव धरणारा वाण काढला गेला. अलीकडे काही ठिकाणी यावरही रोग दिसतो, हेही खरे. पण मावशींना तो पसंत पडला तो दुसऱ्याच कारणाने. याचे बी घरी धरता येते.

ही गोष्ट आपल्या भगिनींनी नीट समजून घ्यावी, कारण दुकानदार सांगत नाही. पाकिटावर 'संकरित' किंवा 'एफ-१' लिहिलेले असेल तर पहिले पीक जोरदार येते. पण त्याच फळाचे बी पुढच्या वर्षी पेरले तर रोपे एकसारखी निघत नाहीत, कुणी आजोबांवर जाते, कुणी आजीवर. म्हणजे दर वर्षी नवे पाकीट. 'सुधारित' वाणाचे तसे नाही. टोमॅटोत राहुरी विद्यापीठाचे 'धनश्री' आणि 'भाग्यश्री' हे सुधारित, तर 'फुले राजा' हा संकरित. वांग्यात आपल्या पुण्याजवळच्या मांजरी गावाचे नाव लावणारा 'मांजरी गोटा' आहे. भरल्या वांग्याला त्याच्यासारखा दुसरा नाही, असे माझे मत. संकरित वाईट असे मी म्हणत नाही. पण पगार दहा तारखेला संपणाऱ्या घराने दोन्हींतला फरक ओळखून पैसे घालावेत.

आता फळझाडे. भोसरीतून आळंदीला रस्ता जातो हे सर्वांना ठाऊक. पण 'आळंदी' नावाचे डाळिंब होते, हे किती जणांना ठाऊक असेल? पुण्याच्या गणेशखिंड फळ संशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी १९३६ साली या आळंदी डाळिंबाच्या रोपांतून एक झाड निवडले. दाणे मऊ, चव गोड. पुढे तेच 'गणेश' म्हणून महाराष्ट्रभर पसरले. 'गणेश' आणि 'गुल-ए-शाह रेड' या लाल डाळिंबाच्या संकरातून राहुरीला 'मृदुला' आणि नंतर 'भगवा' निघाले. आज बाजारात लालभडक डाळिंब हातात घेता, त्याच्या घराण्यात आपल्या शेजारच्या गावाचे रक्त आहे. 'सरदार' पेरूही त्याच गणेशखिंडचा; १९२७ साली निवडलेला, पहिले नाव 'लखनौ ४९'.

पण इथेच खरी अडचण येते. पेरू-डाळिंबाला चांगला बहर यायला दोन-तीन वर्षे लागतात. प्लॉटचा मालक जेसीबी कधी घेऊन येईल याचा नेम नाही. फळावर आलेले झाड डोळ्यांदेखत उपटले गेलेली घरे इथे आहेत. म्हणून शहाणी माणसे जमिनीत लवकर येणारे लावतात. तमिळनाडूच्या पेरियाकुलमचा 'पीकेएम १' शेवगा बियांपासून लावला तर सहा-सात महिन्यांत शेंगा देतो. पपईत पूर्वी नर झाडे निघायची आणि जागा फुकट जायची. तैवानच्या 'रेड लेडी'त निव्वळ नर झाड निघत नाही, आणि नऊ-दहा महिन्यांत फळ येते. बी महाग, पण दोन झाडे एका घराला पुरतात. डाळिंब, 'साई शरबती' लिंबू यांना ड्रम बरा. बिऱ्हाड हलले तर झाडही टेम्पोत चढते. ड्रॅगन फ्रूटही आता ड्रमात दिसू लागले आहे. निवडुंगाच्या जातीचे असल्याने पाणी कमी लागते, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये शहरात दिवसाआड पाणी सुरू झाल्यापासून हा विचार आधी करावा लागतो.

ड्रमावरून एक गोष्ट निक्षून सांगतो. भंगारवाल्याकडे निळे ड्रम स्वस्त मिळतात. त्यांत आधी काय होते ते विचारा. ॲसिड किंवा प्लेटिंगचे रसायन असेल तर तो ड्रम फुकट दिला तरी घरी आणू नका. नाल्याचे पाणी भाजीला घालू नका, ते कितीही जवळ असो. क्रोमियम, निकेल, शिसे यांसारखे धातू मातीत साठतात आणि पालक, मेथी, मुळा यांत जास्त उतरतात. भेंडी, दुधी, शेवगा यांत त्या मानाने कमी. शेडच्या भिंतीलगत वाफा असेल तर पालेभाजी टाळा, किंवा बाहेरची स्वच्छ माती आणून ड्रमात करा. घरात लहान मूल असेल तर यात चालढकल नको.

१९१८ साली बाबासाहेबांनी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. तुकडा लहान की मोठा हा प्रश्नच अपुरा आहे. त्यावर भांडवल आणि अवजारे किती, आणि जमिनीवर माणसांचा भार किती, हे बघा, असा त्यांचा मुद्दा. तो भार कमी करायला उद्योगधंदे वाढवा, असे त्यांनी सांगितले. भोसरीचा कामगार त्याच वाटेने इथवर आला. शिफ्ट सुटल्यावर तो पुन्हा मातीत हात घालतो, यात मला उलटे पाऊल दिसत नाही. आता त्याला कुणी राबवत नाही.

इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्याने कष्टकऱ्यांना भाजीसाठी तुकडे भाड्याने देण्याची जबाबदारी स्थानिक कौन्सिलांवर टाकली. तिथला नेहमीचा तुकडा सुमारे २५० चौरस मीटरचा, म्हणजे आपले अडीच गुंठे. आपल्याकडे उद्याने होतात, हिरवळ होते, 'फुले तोडू नयेत'ची पाटी लागते. एखाद्या उद्यानाच्या कडेला वस्तीतल्या बायकांना वाफे आखून द्यायला काय हरकत आहे? महिला मंडळांनी वॉर्डात हा अर्ज जरूर द्यावा.

नवे वाण बघायचे असतील तर लांब जायला नको. मोशीला डिसेंबरात किसान प्रदर्शन भरते, आणि गणेशखिंडच्या केंद्रात खात्रीची कलमे मिळतात. भेंडीचे बी मात्र मावशींकडून घ्यावे. त्या निरोगी झाड निवडून त्याला चिंधी बांधतात, त्याच्या दोन-तीन शेंगा तोडत नाहीत. शेजारी दुसऱ्या जातीची भेंडी लावत नाहीत, मधमाशी भेसळ करते म्हणून. शेंग झाडावरच वाळून तडकली की बी काढायचे, सावलीत सुकवायचे आणि राख घालून बाटलीत भरायचे. मला त्यांनी मूठभर दिले, जूनमध्ये पेरायला.