अडीच वाजताचा चहा

आधीच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सुधारलंय, त्यामुळे चुका सापडल्या तर त्यांना पकडा! आतापर्यंत मॅगझिनला मी इंग्लिशमध्येच लिहायचे. हा लेख मात्र मराठीतच लिहायचा होता. का, ते पुढे कळेल.

फेब्रुवारीत रात्री साडेदहाला निकाल लागला. एम-थ्री तिसऱ्यांदा उडाला. ३९! पासिंगला ४०. तो सुटल्याशिवाय फायनल इयरला प्रवेश नाही, आणि पप्पांनी तर अख्ख्या सोसायटीत माझी प्लेसमेंट आधीच जाहीर करून ठेवलेली...

पण एम-थ्री हे निमित्त होतं असं आता वाटतं. त्याआधी तीन-चार आठवडे मला धड झोप नव्हती. मेसला जायचं टाळायचे, कुणी विचारलं की 'जर्नल पूर्ण करायचंय' म्हणायचे. कुणाला काही कळलं नाही, कारण आपल्याकडे रात्री तीनला जागं असणं हे लक्षण वगैरे धरत नाहीत. सबमिशनच्या आठवड्यात तर ती हजेरीच असते.

त्या रात्री दोनच्या सुमारास मी कॉटवर बसून होते आणि डोक्यात एकच गोष्ट गोल गोल फिरत होती. ती इथे लिहीत नाही. रूममेट पाणी प्यायला उठली. ती परभणीकडची, मराठी मीडियमची. फर्स्ट इयरला मी तिच्या इंग्लिशला हसले होते, हेही आता लिहूनच टाकते. तिने लाइट लावला नाही. शेजारी येऊन बसली आणि थोड्या वेळाने सरळ विचारलं, "मरायचं वगैरे मनात येऊ लालंय का तुझ्या?"

मी "हो" म्हटलं. इतक्या दिवसांत कुणी असं विचारलंच नव्हतं. (असं विचारल्याने समोरच्याच्या डोक्यात भलतं शिरतं, असं मलाही वाटायचं. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की तसं होत नाही, उलट विचारावंच.)

मग तिने मोबाइल काढला. १४४१६ हा नंबर तिने ओरिएंटेशनच्या पोस्टरवरून सेव्ह केला होता. मी त्याच पोस्टरसमोर सेल्फी काढला होता! टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फोन फुकट लागतो आणि चोवीस तास. आधी भाषा निवडायची असते. मी सवयीने इंग्लिश निवडली. 'आय ॲम फीलिंग व्हेरी लो' एवढं बोलले आणि गाडी बंद. शाळेत निबंध वाचून दाखवतोय असंच वाटायला लागलं. पलीकडच्या मॅडम म्हणाल्या, "मराठीत बोलायचंय का तुम्हाला?" आणि माझ्या तोंडून आजीचं वाक्य बाहेर पडलं, "मला जीव नकोसा झालाय."

आजी हे गुडघे दुखले की म्हणायची. आम्ही हसायचो.

त्यानंतर मी किती वेळ बोलत होते माहीत नाही. त्यांनी लेक्चर दिलं नाही. खोलीत कोण आहे, जवळ स्वतःला इजा करण्यासारखं काही आहे का, असे साधे प्रश्न विचारले. जे होतं ते रूममेटने उचलून बाहेर नेलं. शेवटी म्हणाल्या, आज रात्री एकट्या राहू नका, हॉस्टेलमधल्या मोठ्या माणसाला उठवा.

मोठं माणूस म्हणजे रेक्टर मॅडम! दहा मिनिटं उशीर झाला तरी घरी फोन लावणाऱ्या. शिवाय असलं काही बोललं की पोलीस केस होते, असंही माझ्या डोक्यात होतं. हे साफ चूक आहे. नुसता विचार येणं हा कधीच गुन्हा नव्हता. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर, प्रयत्न केलेल्या माणसावरही प्रचंड ताण होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, असं ठरवलंय.

मॅडमनी दार उघडलं, आम्हा दोघींकडे पाहिलं आणि आत घेतलं. निकालाचं विचारलं नाही. चहा केला, तोही आमच्याच विंगमधून जप्त केलेल्या केटलमध्ये! मला हसू आलं आणि मग रडू आलं, आणि मग बराच वेळ तेच. मग त्या म्हणाल्या, "घरी तू सांगतेस की मी सांगू?" सांगायचं की नाही हा पर्यायच नव्हता. त्या वेळी राग आला होता, आता येत नाही.

सकाळी त्याच मला सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या ओपीडीत घेऊन गेल्या. रांगेत माझ्यापुढे एक कंडक्टर काका होते, मागे तान्हं बाळ घेतलेली एक बाई. मला उगाच वाटायचं की तिथे वेगळीच माणसं येत असतील. गोळ्यांनी पहिले दोन-तीन आठवडे काहीच फरक वाटला नाही, मी वैतागले होते. मग एक दिवस मेसची भाजी वाईट आहे हे मला पुन्हा जाणवलं. रूममेट म्हणाली, "आली बाई जाग्यावर!"

पप्पा एसटीने आले होते. चिवडा आणला होता. एम-थ्रीचा विषय त्यांनी काढला नाही, मीच काढला. म्हणाले, "सोसायटीचं मी बघतो."

१४४१६ आता आमच्या कपाटाच्या दारावर आतून लिहिलाय, मेसच्या टाइमटेबलशेजारी. जिवाला लगेचच धोका असेल तर ११२, तोही खाली लिहिलाय. मार्करने लिहिलेलं पुसट झालं होतं. परवा पाहिलं तर कुणीतरी निळ्या पेनने पुन्हा गिरवलंय. रूममेटचं पेन काळं आहे.

एम-थ्रीचा फॉर्म भरलाय. लाप्लास अजून येत नाही.