मध्यरात्रीनंतर रस्ता कुणाचा?

"रात्री बारानंतर रस्त्यावर असतं तरी कोण? उगाच दिवे जळतात." जॉगिंग ट्रॅकच्या बाकावर, सोसायटीच्या बैठकीत, आमच्याच शिकलेल्या मित्रांच्या तोंडून हे वाक्य आम्ही हल्ली वारंवार ऐकतो. बोलणारी माणसे वाईट नाहीत. कुणाला विजेच्या बिलाची काळजी आहे, कुणाला पर्यावरणाची, कुणाच्या खिडकीसमोरच खांब आहे आणि पांढऱ्या एलईडीच्या उजेडात झोप लागत नाही. इंग्लंड-फ्रान्समध्ये कितीतरी गावे मध्यरात्र ते पहाट दिवे बंद ठेवतात, मग आपण का नाही, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. आम्ही अडतो ते त्या पहिल्या वाक्यातल्या 'कोण' या शब्दापाशी.

कोण असते ते सांगतो. वडाळा-पाथर्डी रस्त्याने रात्री बाराच्या सुमारास अंबड एमआयडीसीतून दुसरी पाळी सुटलेले कामगार परततात. मोटारसायकलवाले भुर्रकन जातात, सायकलवाले आणि पायी चालणारे मागे राहतात. लग्नसराईत लॉन्सवरचे वऱ्हाड अकराला घरी जाते, पण वाढप्यांचे आणि भांडी घासणाऱ्या बायांचे खरे काम तेव्हा सुरू होते. त्या दीड-दोनला मोकळ्या होतात आणि उरलेल्या अन्नाची पिशवी घेऊन घोळक्याने चालत निघतात. हॉटेलातली पोरे, दवाखान्यातल्या आया, एटीएमबाहेर खुर्ची टाकून बसलेला वॉचमन. तीन-चारनंतर भाजीवाल्या बाया चौघी मिळून रिक्षा करून पंचवटीच्या मार्केट यार्डाकडे निघतात. मग पेपरवाले, दूधवाले, आणि उजाडायच्या आत हातात झाडू घेतलेले सफाई कामगार. सफाई कामगारांच्या हजेरीपटावरची आडनावे वाचली की जातीचा वेगळा रकाना लागत नाही.

आणि जे कुठेच जात नाहीत, तेही रस्त्यावर असतात. आमच्या या भागाला लागूनच राजीवनगर आणि भारतनगरच्या वस्त्या आहेत. ज्यांच्या घरात शौचालय नाही, त्यांना रात्रीही घराबाहेर पडावे लागते. फ्लॅटमधल्या माणसाला दोन वाजता उठून जे अंतर दहा पावलांचे असते, ते वस्तीतल्या बाईसाठी एका गल्लीचे आणि एका वळणाचे असते. बचत गटाच्या कामात एका मावशींना आम्ही दिवे बंद करण्याबद्दल विचारले. त्या म्हणाल्या, "बाळा, दिवा असला की कोण येतंय ते मला दिसतं. दिवा नसला की त्याला मी दिसत नाही असं नाही, मला तो दिसत नाही." पोरी संध्याकाळनंतर पाणीच कमी पितात, हेही त्यांनीच सांगितले. दोन वर्षे समाजशास्त्राची पुस्तके वाचून आम्हाला हे इतके नेमके मांडता आले नसते.

रस्ता कुठल्या वेळी कुणाचा, हा वाद आपल्याकडे जुना आहे. पेशवाईत महार-मांगांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी पुण्याच्या वेशीच्या आत यायला मनाई होती, कारण त्या वेळी सावली लांब पडते आणि विटाळ दूरवर पोहोचतो. ही नोंद गो. स. घुर्ये यांनी जातीवरच्या आपल्या ग्रंथात केली आहे. उजेडाच्या तिरपेपणावरून माणसाचे फिरणे ठरवणारा असा नियम जगात दुसरीकडे क्वचितच सापडेल! पुढे इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पारध्यांसारख्या कितीतरी जमातींच्या माणसांना पोलिसांकडे हजेरीला बांधून टाकले. तो कायदा 1952 साली गेला, संशय गेला नाही. आजच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 122 मध्येही सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात संशयास्पद स्थितीत आढळणे हा गुन्हा आहे. बंगल्यातला मुलगा रात्री एकला फिरला तर तो वॉकला निघालेला असतो, वस्तीतला पोरगा फिरला तर त्याला "इकडं ये, कुठं चालला?" असे विचारले जाते. रस्ता अंधारा असेल तर हा प्रश्न आणखी लवकर येतो आणि आणखी कडक आवाजात येतो. दिवे बंद करा म्हणणारा आमचा मित्र पेशवा नव्हे, एवढे आम्हाला कळते. पण वेळेचा नियम सगळ्यांवर सारखा लावला तरी तो सगळ्यांना सारखा लागत नाही, हे त्यानेही समजून घ्यावे.

आता त्याची बाजू. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. नाशिकजवळ एकलहऱ्याला औष्णिक वीजकेंद्र आहे, 210 मेगावॅटचे तीन संच. तिथे कोळसा जळतो आणि त्याची राख आजूबाजूच्या गावांतल्या माणसांच्या वाट्याला येते. वीज वाया घालवू नका ही मागणी म्हणूनच आपलीही आहे. रात्रभरच्या उजेडाने किडे, पाखरे, वटवाघळे यांचे जगणे बिघडते, हेही खरे. पैशाचा हिशेब करून पाहू. 70 वॅटचा एक एलईडी दिवा बारा ते पाच जळला तर 0.35 युनिट लागते. युनिटला आठ रुपये धरले तर एका रात्रीचे दोन रुपये ऐंशी पैसे. असे हजार दिवे वर्षभर बंद ठेवले तर दहा लाखांच्या वर रक्कम वाचते. रक्कम लहान नाही. पण एका दिव्याखालून रात्री जितकी माणसे जातात, त्यांच्या सुरक्षिततेची किंमत पावणेतीन रुपये, असेही ते गणित उलट वाचता येते.

परदेशातल्या अभ्यासांचा दाखला मित्र देतात, तोही वाचलाच पाहिजे. इंग्लंड आणि वेल्समधल्या 62 स्थानिक संस्थांच्या भागांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. रात्री काही तास दिवे बंद केल्याने किंवा मंद केल्याने अपघात वा गुन्हे वाढल्याचा पुरावा त्यात सापडला नाही. आमचे मित्र इथे थांबतात. पण 2016 मध्ये न्यूयॉर्क शहराने गरिबांच्या सरकारी गृहवसाहतींपैकी काही चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडून तिथे जास्तीचे दिवे उभारले, तेव्हा रात्री घराबाहेर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे 36 टक्क्यांनी कमी झाले. दोन्ही अभ्यास खरे आहेत. एकात सरसकट सगळ्या प्रकारचे रस्ते आहेत, दुसऱ्यात गरिबांच्या दाट वसाहती. नाशिकच्या वडाळा गावाचे साम्य यातल्या कशाशी आहे, हे ठरवायला पीएच.डी. लागत नाही.

शिवाय नोंदलेला गुन्हा मोजता येतो. न केलेला प्रवास कुठल्या रजिस्टरमध्ये असतो? अंधार म्हणून रात्रपाळी नाकारलेली मुलगी, नऊलाच अभ्यासिका सोडून घरी पळणारी एमपीएससीची विद्यार्थिनी, पाणी न पिणारी ती पोर, यांच्यावर गुन्हा घडला नाही म्हणून आकडा शून्य. हा शून्य सुरक्षिततेचा मानणे ही अभ्यासाची नव्हे, नजरेची चूक आहे.

आपल्या राज्यात अंधार वाटून देण्याची पद्धत कशी आहे, तेही पाहा. भारनियमनाच्या वर्षांत महावितरणने फीडरचे ए पासून जी पर्यंत गट पाडले. जिथे गळती जास्त आणि वसुली कमी, तो फीडर खालच्या गटात आणि भारनियमन त्याच्या माथी. 2022 च्या एप्रिलमध्ये विजेची टंचाई झाली तेव्हाही जी-1, जी-2, जी-3 हेच गट पुढे आले. त्या फीडरवर दर महिन्याला वेळेवर बिल भरणारा माणूसही राहतो, तो शेजाऱ्यांच्या थकबाकीची शिक्षा भोगतो. फीडरला जात नसते, पण तो कुठल्या वस्तीतून जातो ते सगळ्यांना ठाऊक असते. 2021 मध्ये थकबाकीपोटी अनेक ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची वीज तोडली गेली आणि सरकारने ही बिले पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरायला सांगितली, तेव्हा सरपंचांनी आरडाओरड केली. गावेच्या गावे काळोखात बुडाली म्हणून बातम्या झाल्या. आमच्या मूळ गावात दिव्यांचे खांब वेशीपाशी संपत आणि पुढे बौद्धवाडा लागे. तो काळोख कधी बातमी झाला नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या वस्त्यांसाठी रस्ता, गटार, दिवे यांची वेगळी योजना शासनाला काढावी लागली, यातच सगळे आले.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते तेव्हा वीजही त्यांच्याच खात्यात होती. 25 ऑक्टोबर 1943 रोजी युद्धोत्तर वीज धोरणाच्या समितीपुढे अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक हवी असा आग्रह धरला, आणि तो उद्योगधंदे वाढवून दारिद्र्यातून बाहेर पडण्यासाठी धरला. तिच्या मालकीचा प्रश्नही त्यांनी तिथेच उभा केला. जयंतीच्या रोषणाईत आपण हे विसरतो. (हो, आपल्याही. 15 एप्रिलला सकाळी दहा वाजता भर उन्हात जळणाऱ्या माळा आम्ही पाहिल्या आहेत.)

2020 च्या 5 एप्रिलची आठवण काढतो. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातले दिवे बंद करा, असे पंतप्रधानांनी सांगितले. एकदम सगळे बंद केले तर ग्रीडचे काय होईल, असा प्रश्न महाराष्ट्राचे तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी जाहीरपणे विचारला, तर त्यांच्यावर टीका झाली. पण त्या रात्रीसाठी केंद्राच्या ऊर्जा खात्यानेही खुलासा केला होता की रस्त्यावरचे दिवे चालूच राहतील. टाळेबंदीत, रस्ते खरोखर ओस असताना, नऊ मिनिटांसाठीसुद्धा पथदिवे बंद करायचे नाहीत, एवढे सरकारला कळत होते.

मग मधला रस्ता आहे का? आहे, आणि तो नागपूरकडे सापडतो. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी तिथल्या बफर क्षेत्रातल्या गावांचे दिवे काढून घेतले नाहीत, शंभरावर दिवे बदलून उजेड फक्त खाली जमिनीवर पडेल असे बसवले. वाघाच्या जंगलालगत गाव अंधारात न ठेवता आकाश काळे ठेवता येते, तर इंदिरानगरात खिडकीत घुसणारा उजेड झाकण लावून का अडवता येऊ नये? आमच्या शेजारच्या गोविंदनगरात नोव्हेंबर 2023 मध्ये भरवस्तीत बिबट्या पकडला गेला, हेही अंधाराची हौस असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आमचे म्हणणे एवढेच की वाचवायचेच असेल तर वरून सुरुवात करा. होर्डिंग, शोरूम, लॉन्सच्या कमानी, खांबांना गुंडाळलेल्या रंगीत माळा अकरा वाजता बंद. रिकाम्या ले-आउटच्या आणि बंगल्यांच्या आतल्या गल्ल्यांत दिवे मंद. महामार्गाखालचा बोगदा, पाथर्डी फाट्याकडचा रस्ता, वस्तीची तोंडे आणि शौचालयाची वाट, इथे एक दिवाही कमी नको, उलट वाढवा. रस्त्यावर दिवे लावणे हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. कुणाच्या मेहेरबानीची ती गोष्ट नाही. आणि कुठलाही खांब बंद करण्याआधी त्याखालून रात्री कोण जाते ते मोजा. हे मोजण्याचे काम कुणी आपणहून करणार नाही, म्हणून आपण करू.

शनिवारी रात्री साडेबाराला राजीवनगरच्या तोंडाशी जमायचे आहे. चार ठिकाणी दोघा-दोघांनी पहाटे पाचपर्यंत बसायचे, किमान एका जोडीत तरी मुली हव्यात. वही, पेन, पाणी आणि ओळखपत्र सोबत आणा. कुणाचे नाव लिहायचे नाही, फोटो काढायचा नाही. वेळ, बाई की पुरुष, पायी की वाहनावर, आणि कुठल्या कामावरून, एवढेच. पोलिसांना आधी लेखी कळवलेले आहे, तरी विचारले तर शांतपणे उत्तर द्या.