कुठे उतरणार?

गेल्या हिवाळ्यात आईला घेऊन मुंबईहून गोव्यापर्यंत जहाजाने जाऊन यायचे ठरले. पंचाहत्तरी झाली तिची. आयुष्यात पुन्हा एकदा बोटीत बसायचे, ही तिची जुनी इच्छा. तिकिटे काढणे फारसे अवघड गेले नाही. अवघड गेला तो त्याच्या अलीकडचा प्रश्न. जहाज संध्याकाळी सुटणार असले तरी सामानाची तपासणी आणि कागदपत्रे यांसाठी दुपारीच हजर व्हायचे होते. महालक्ष्मी एक्स्प्रेसने त्याच दिवशी सकाळी पोचणे अशक्य नव्हते. पण गाडीला उशीर होतो आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. तेव्हा आदली रात्र मुंबईत काढणे आले. ती कुठे काढायची?

मी नकाशा घेऊन बसलो. आईने एका वाक्यात निकाल लावला. "गिरगावात घर असताना हॉटेल कशाला?"

घर होते, पण ते आमचे म्हणता येईल की नाही, हा पेच होता. चाळीतल्या त्या दोन खोल्या काकांच्या. १९९८ साली देवगडकडच्या घराच्या वाटणीवरून वडिलांचे आणि त्यांचे बिनसले. काकांना आपला हिस्सा विकायचा होता, वडिलांना विकू द्यायचा नव्हता. घर आजही कुलूपबंद उभे आहे. म्हणजे जिंकले कोणीच नाही. वडील गेले तेव्हा काका आले नाहीत. २०१९ साली काका गेले तेव्हा आई गेली नाही. मी गेलो, पण चंदनवाडीहून परस्पर रात्रीची गाडी पकडली. काकी खोलीत होत्या आणि मी त्यांना भेटलो नाही, हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

परगावी मुक्काम करण्याला आपण 'उतरणे' म्हणतो. "कुठे उतरलात?" हा प्रश्न मराठी माणूस परगावाहून आलेल्या प्रत्येकाला विचारतो. वाहनातून उतरणे आणि कोणाकडे तरी राहणे या दोन क्रियांमध्ये भाषेने अंतरच ठेवलेले नाही. जणू गाडीतून खाली टाकलेला पाय थेट एखाद्याच्या उंबऱ्यावरच पडतो. म्हणून तर गावात नातेवाईक असताना लॉजवर उतरणे ही केवळ गैरसोय ठरत नाही, तो अपमान ठरतो. आणि ज्याच्याशी बोलणे नाही त्याच्याकडे उतरणे, हे तर थेट शरण जाण्यासारखे. उतरणे या शब्दाला कमीपणा पत्करण्याचीही एक छटा आहे, ती मला त्या दिवसांत फार जाणवली.

मी प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार वर्गात बरीच वर्षे शिकवला आहे. पंडिता रमाबाईंच्या १८८३ सालच्या 'इंग्लंडचा प्रवास'पासून पुढच्या शतकातल्या युरोपवाऱ्यांपर्यंत. बंदर, नांगर, दूर जाणारा किनारा यांवर मी तासन्‌तास बोललो आहे. पण लेखक आदल्या रात्री कुठे झोपला होता, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना कधी विचारला नाही, आणि विद्यार्थ्यांनीही मला विचारला नाही. ती रात्र प्रवासाच्या हिशेबात धरली जात नाही. वास्तविक कोण कोणत्या थराचा प्रवासी आहे, आणि मागे काय सोडून चालला आहे, ते त्या रात्रीइतके स्पष्ट दुसऱ्या कशात दिसत नसावे.

मुंबईपुरते पाहिले तरी हे पटेल. जहाजाची वाट पाहणाऱ्या माणसांनी या शहरात किती तऱ्हेची छपरे उभी केली! साहेबांसाठी काळा घोड्याजवळ वॉटसनचे हॉटेल होते. त्याचा बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून इथे आणून जोडला होता. ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा मुंबईतला पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी झाला तो तिथेच. पुढे १९०३ च्या डिसेंबरात ताजमहाल हॉटेल उघडले. गेटवे १९२४ चे, म्हणजे हॉटेल आधीचे आणि दरवाजा नंतरचा. हाजींसाठी क्रॉफर्ड मार्केटजवळ साबू सिद्दिक मुसाफिरखाना होता. जेद्दाला जाणारी जहाजे १९९५ पर्यंत मुंबईहून सुटत, आणि गावोगावाहून आलेली माणसे जहाजाची वाट पाहत अशा मुसाफिरखान्यांत मुक्काम करीत.

गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांनी धोबीतलाव आणि माझगावच्या परिसरात आपापल्या गावांचे 'कूड' काढले. धोबीतलावच्या जेर महाल या एकाच इमारतीत असे अनेक कूड होते. नाममात्र भाडे, भिंतीशी ओळीने मांडलेल्या ट्रंका, आणि संध्याकाळी वेदीसमोर सगळ्यांनी मिळून करायची प्रार्थना. माणूस महिनोन्‌महिने समुद्रावर असला तरी त्याची ट्रंक कुडात राही. लालबाग-परळकडे कोकणातल्या चाकरमान्यांच्या गावकीच्या खोल्या होत्या, त्यांची तऱ्हा फारशी वेगळी नव्हती. एकाने पाळीवर जायचे, दुसऱ्याने त्याच्या जागेवर पाठ टेकायची. वळकटी मात्र ज्याची त्याची.

या यादीत मी कुठे बसतो, ते पाहू लागलो. अंधेरीला विमानतळाच्या आसपास हॉटेले पुष्कळ, पण ती विमानाने येणाऱ्यांच्या सोयीची. सकाळच्या गर्दीत तिथून बंदर गाठणे म्हणजे जिवाला घोर. दादर आपल्या माणसांचे, आणि रेल्वेच्या दृष्टीने सोयीचे. कुलाबा समुद्राला लागून आहे, पण पर्यटकांच्या हंगामात तिथले दर ऐकूनच माणूस मागे फिरतो. उरला बॅलार्ड इस्टेटचा परिसर. सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेले नवे क्रूझ टर्मिनल तिथून हाकेच्या अंतरावर आहे. अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खोदताना निघालेली माती टाकून ही जमीन तयार केली, आणि तिच्यावर जॉर्ज विटेटच्या आराखड्याप्रमाणे इमारती उठल्या. गोदीच्या खड्ड्यातून निघालेल्या जमिनीवर रात्र काढून सकाळी गोदीकडे जायचे, ही कल्पना मला आवडली. मी आईला ती समजावूनही सांगितली.

तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "आणि गिरगावाहून किती वेळ लागतो?"

टॅक्सीने जेमतेम अर्धा तास. अंतराचा मुद्दा तिथेच संपला. मला बंदराजवळ राहायचे नव्हते, काकींपासून लांब राहायचे होते.

आई १९७० साली लग्न होऊन त्या खोल्यांत आली. चार वर्षांनी काकी आल्या. वडिलांची कोल्हापूरला बदली होईपर्यंत तीन वर्षे दोघी जावा एका चुलीवर राबल्या. दर मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून कोकणची बोट धरायची. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग करीत ती देवगडला लागे. बोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसे, बोचकी, पोरे पडावात उतरत. आदल्या रात्री खोलीत कोणी झोपत नसे. दशम्या भाजायच्या, पाण्याचा फिरकीचा तांब्या घासायचा, बोट लागू नये म्हणून लिंबे आणि आल्याच्या वड्या बांधून घ्यायच्या. आईला बोट लागायची, काकींना लागत नसे. या गोष्टी आईने मला लहानपणी पुष्कळदा सांगितल्या होत्या. १९९८ नंतर मात्र सांगणे बंद झाले.

शेवटी तडजोड निघाली. आईने गिरगावात उतरायचे, मी हॉटेलात. दोन माणसांना जागा अपुरी पडेल, हे कारण मी पुढे केले. तिने ते खोडून काढले नाही. ज्या खोल्यांत एके काळी नऊ माणसे झोपत, तिथे आता एकट्या काकी राहत होत्या.

कोयना एक्स्प्रेसने रात्री पोचलो. चाळीचा जिना चढताना आई दर वळणावर थांबत होती. वर काकी दार उघडे टाकून उभ्या होत्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिले. काकी म्हणाल्या, "वहिनी, जिना पूर्वीचाच आहे हो. आपलेच पाय बदलले." मग माझ्याकडे वळून त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. "तू राहत नाहीस?"

"खोली घेतलीय, काकी."

"घेतलीच आहेस तर जा. पैसे कशाला फुकट घालवायचे?"

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते.

हॉटेलची खोली स्वच्छ होती. खिडकीतून गोदीचे दिवे दिसत होते. मी वाचायला पुस्तक काढले आणि चार पानांनंतर मिटले. त्या खोलीत कोणी मला सकाळी किती वाजता उठवू म्हणून विचारले नाही. खोली किती वाजता रिकामी करणार, एवढेच खालच्या माणसाने विचारले होते. त्याचे काही चुकले नाही. मी पैसे देऊन जे विकत घेतले होते, ते मला पुरेपूर मिळाले होते.

सकाळी गिरगावात गेलो तेव्हा आई आणि काकी खाटेवर शेजारी शेजारी बसल्या होत्या. चहाचे कप धुऊन उपडे घातलेले होते. रात्री दोघींचे काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. घराचा विषय निघाला की नाही, तेही नाही. टॅक्सीत मी आईला विचारले, "झोप लागली का?"

"छे," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. तिच्या मांडीवर एक पुरचुंडी होती. तीत लिंबे आणि आल्याच्या वड्या.

काकी टॅक्सीत पुढच्या सीटवर बसल्या होत्या. पोचवायला येणारच, असे त्यांनी परस्पर ठरवून टाकले होते. भाऊच्या धक्क्यावर पोचवणारी माणसे थेट बोटीपाशी जात. इथे फाटकावर तिकीट पाहतात, तिकीट नसलेल्याने बाहेरच थांबायचे. काकी थांबल्या. चाळ पुनर्विकासाला गेली आहे, चार-सहा महिन्यांत खोली रिकामी करून मुलीकडे विरारला जायचे आहे, हे त्यांनी तिथे उभ्या उभ्या सांगितले.

"मग पुढच्या खेपेला आम्ही कुठे उतरायचं?" आईने विचारले.

"बघू," काकी म्हणाल्या. "आधी नीट जाऊन तर या."

जहाजाविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते इथे नको. ते इतके मोठे होते की समुद्र आहे हे मुद्दाम आठवावे लागे, आणि आईला बोट लागली नाही. तरी तिने रोज सकाळी एक वडी खाल्ली.

परत आलो तेव्हा सकाळ होती. महालक्ष्मी रात्रीची, मधला अख्खा दिवस काढायचा होता. टॅक्सीवाल्याने काच खाली करून कुठे म्हणून विचारले. आई काही बोलली नाही.

मी म्हणालो, "गिरगाव." काकींना आधी फोन केला नव्हता.